क्यूएमूचे प्लगिन: चालत्या कर्नलच्या आत बघायचं कसं, आणि दिसलेल्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा?

मुळामुठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्या काही मुलांबरोबर सध्या एक्सव्ही-६ चा कोड वाचणं चालू आहे. एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेलं हे छोटेखानी युनिक्स. आधी इंटेलवर होतं, २०१९ पासून रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर आलं, आणि क्यूएमूच्या ‘व्हर्ट’ मशीनवर चालतं. (क्यूएमू म्हणजे एम्युलेटर, दुसऱ्या प्रकारच्या अख्ख्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर.) मेकफाइलमध्ये तीन कोअर आणि १२८ एमबी मेमरी ठरवून दिलेली आहे.

त्यातल्या एकीने विचारलं, “शेल नुसतं डॉलरचं चिन्ह दाखवून बसलंय, कोणी काही टाइप करत नाहीये, तरी लॅपटॉपचे तीन कोअर शंभर टक्के का चाललेत?” फार रास्त प्रश्न आहे. आणि याचं उत्तर शोधायला नेहमीची साधनं तोकडी पडतात. जीडीबी या डीबगरने थांबवलं तर त्या एका क्षणी कोण कुठे उभं आहे तेवढंच कळतं. कर्नलमध्ये प्रिंटएफ टाकला तर दर वेळी लॉक धरला जातो, प्रत्येक अक्षरामागे यूएआरटीला (कन्सोलच्या सिरियल पोर्टला) हात लागतो, म्हणजे जे बघायचं होतं तेच बदलून बसतं.

अशा वेळी क्यूएमूचे टीसीजी प्लगिन कामाला येतात (टीसीजी म्हणजे क्यूएमूमधला कोडचं भाषांतर करणारा भाग). डिसेंबर २०१९ मध्ये ४.२ आवृत्तीबरोबर ते आले. आपल्याकडे अजून फार कमी जण वापरतात असं दिसतं, म्हणून हा धागा.

आधी यंत्रणा समजून घेऊ. आत चालणारी सिस्टिम म्हणजे गेस्ट, बाहेरचं खरं मशीन म्हणजे होस्ट. क्यूएमू गेस्टची प्रत्येक इन्स्ट्रक्शन वाचून लगेच अमलात आणत नाही. साधारणपणे पुढची उडी येईपर्यंतच्या इन्स्ट्रक्शन्सचा एक ब्लॉक उचलतो, टीसीजी त्याचं होस्टच्या मशीन कोडमध्ये भाषांतर करतो, आणि ते साठवून ठेवतो. तोच ब्लॉक परत आला की साठवलेला कोड थेट चालतो. हे ब्लॉक एकमेकांना जोडलेलेही असतात, म्हणजे एक संपला की मुख्य लूपमध्ये न येता सरळ पुढच्यात उडी.

प्लगिन म्हणजे एक शेअर्ड लायब्ररी. तिला पहिलं बोलावणं येतं ते ब्लॉकचं भाषांतर होताना. त्या वेळी ती ब्लॉकमधल्या इन्स्ट्रक्शन्स एकेक करून बघते: पत्ता काय, बाइट्स काय, डिसअसेम्ब्ली काय. आणि तिथेच सांगून ठेवते की ही इन्स्ट्रक्शन चालेल तेव्हा मला कळव, किंवा हा ब्लॉक चालला की या काउंटरमध्ये एक मिळव, किंवा इथे मेमरीला हात लागला की पत्ता दे. ते काम भाषांतरित कोडमध्येच विणलं जातं. जिथे काही मागितलं नाही तिथला कोड जसाच्या तसा.

या दोन वेळा डोक्यात पक्क्या वेगळ्या ठेवल्या की निम्मी लढाई जिंकली. भाषांतर झालं म्हणजे तो कोड चालला असं नाही. एकदा भाषांतर झालेला ब्लॉक कोटी वेळा चालू शकतो. आणि भाषांतराच्या वेळी हाती आलेला ब्लॉकचा किंवा इन्स्ट्रक्शनचा हँडल फक्त तेवढ्यापुरता असतो, नंतर लागणारी माहिती स्वतःकडे कॉपी करून ठेवायची.

आता मूळ प्रश्न. क्यूएमूच्या सोर्समध्येच काही तयार प्लगिन मिळतात, त्यातला हॉटब्लॉक्स लावला. शेल उभं राहिलं, थोडं थांबलो, बाहेर पडलो. तो सर्वांत जास्त चाललेले २० ब्लॉक छापतो: पत्ता, किती वेळा भाषांतर झालं, ब्लॉकमध्ये इन्स्ट्रक्शन किती, आणि किती वेळा चालला. पत्ते हेक्समधल्या ८००००००० च्या आसपासचे, म्हणजे कर्नल. मेक करताना तयार होणारी कर्नलची एएसएम फाइल शेजारी उघडून पत्ते जुळवले, तर वर सगळे अक्वायर, रिलीज, पुश-ऑफ, पॉप-ऑफ, मायसीपीयू आणि शेड्यूलर.

कारण कोडमध्ये समोरच आहे. प्रोसेसच्या तक्त्यात ६४ जागा. शेड्यूलर पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरतो, प्रत्येक जागेचं लॉक धरतो, ‘चालायला तयार आहेस का’ बघतो, लॉक सोडतो. कोणीच तयार नसलं तरी पुन्हा पहिल्यापासून. आणि हे तीनही कोअर करतात. एक्सव्ही-६ च्या अलीकडच्या प्रतीत कोणी तयार नसेल तर डब्ल्यूएफआय इन्स्ट्रक्शन देऊन कोअर झोपवतात. आमच्याकडची प्रत जुनी, तिच्यात ते नव्हतं.

पण धागा काढण्याचं खरं कारण पुढे आहे. तेच दोन-तीनदा चालवलं की काही ओळींचे आकडे दर वेळी जवळपास तेच येतात, आणि काही ओळींचे दर वेळी वेगळे. माझं म्हणणं असं की हा फरक हीच सर्वांत मोलाची माहिती आहे. जे आकडे स्थिर असतात ते कामाचे असतात. जे हलतात ते वाट बघण्याचे असतात: फिरत राहणारी लॉक, डिव्हाइस तयार होण्याची वाट, टायमरची वाट. आणि वाट बघण्याच्या आकड्यांवर प्लगिनचाच परिणाम होतो.

तो असा. मोजणी करणारा प्लगिन गेस्टच्या मेमरीला किंवा रजिस्टरला हात लावत नाही, नुसता बघतो. पण गेस्टचं घड्याळ काहीच सांगितलं नाही तर होस्टच्या खऱ्या घड्याळाबरोबर पळतं. एक्सव्ही-६ चा टायमर दर दहा लाख टिक्सला वाजतो, व्हर्ट मशीनचं घड्याळ सेकंदाला एक कोटी टिक्सचं, म्हणजे दर दशांश सेकंदाला एक इंटरप्ट. जड प्लगिन लावल्याने एम्युलेशन दहापट मंदावलं तर दोन इंटरप्टच्या मध्ये गेस्टच्या वाट्याला दहावा हिस्सा इन्स्ट्रक्शन्स येतात. तेवढ्याच कामासाठी इंटरप्ट दहापट, शेड्यूलरच्या फेऱ्या जास्त, आणि तुमच्या यादीत ट्रॅपचा (इंटरप्ट हाताळणारा) कोड उगीच वर चढतो.

म्हणून मोजायचं असेल तेव्हा मी आयकाउंट लावायला सांगतो. त्यात गेस्टचं घड्याळ इन्स्ट्रक्शनच्या मोजणीवर चालतं. शिफ्ट ३ दिली की एक इन्स्ट्रक्शन म्हणजे ८ नॅनोसेकंद. एकाच कोअरवर दोन इंटरप्टच्या मध्ये बरोबर १ कोटी २५ लाख इन्स्ट्रक्शन्स बसतात, प्लगिन हलका असो वा जड.

तुमचे अनुभव, शंका, मतभेद, सगळं येऊ द्या.

---

कोअरडंप

छान धागा. लगेच करून बघितलं, पण माझ्याकडे हॉटब्लॉक्स काहीच छापत नाही. एररही नाही. क्यूएमू नीट चालतो, शेल येतं, मी टर्मिनल बंद करतो. फाइल रिकामी.

---

मुळामुठा

@कोअरडंप, दोन गोष्टी बघा. प्लगिनचं छापणं क्यूएमूच्या लॉगमधून जातं, त्यामुळे ‘डी’ पर्यायात ‘प्लगिन’ हा शब्द द्यावाच लागतो. आणि हॉटब्लॉक्स सगळं शेवटी, क्यूएमू रीतसर बंद होताना छापतो. टर्मिनल बंद करू नका, कंट्रोल-ए दाबून एक्स दाबा.

---

कोअरडंप

आलं! ‘डी’चा पर्याय राहिला होता. मनापासून आभार. अक्वायर-रिलीज माझ्याकडेही वर आहेत.

---

देवगडहापूस

एक मूलभूत शंका. हे सगळं पर्फ (लिनक्सचा प्रोफायलर) वापरून होत नाही का? केव्हीएमवर (गेस्टचा कोड थेट होस्टच्या प्रोसेसरवर चालवणारी लिनक्सची सोय) गेस्ट चालवा, बाहेरून सॅम्पलिंग करा. वेग जवळपास खऱ्या मशीनइतका. मी कामावर तेच करतो.

---

बिटवाला

@देवगडहापूस, गेस्ट आणि होस्ट एकाच जातीचे असतील तर जरूर तेच करावं. पण इथे रिस्क-फाइव्हचा गेस्ट इंटेलच्या लॅपटॉपवर आहे, तिथे केव्हीएम लागूच होत नाही. उलट बाजूनेही लक्षात ठेवा: केव्हीएमवर चालवताना प्लगिन लावून काही हाती येत नाही, कारण इन्स्ट्रक्शन्स थेट प्रोसेसरवर चालतात, टीसीजी मध्ये नसतोच.

दुसरं म्हणजे पर्फ नमुने घेतो, प्लगिन एकूण एक मोजतो. ‘वेळ कुठे जातो’ हा प्रश्न पर्फचा. ‘हा ब्लॉक नेमका किती वेळा चालला’, ‘या पत्त्यावर कोणी कोणी लिहिलं’ हे प्रश्न प्लगिनचे. क्यूएमूवर एखादी इन्स्ट्रक्शन जलद दिसली म्हणून ती खऱ्या चिपवर जलद असेल असं अजिबात नाही. टीसीजीला पाइपलाइन, ब्रँच प्रेडिक्शन काही ठाऊक नाही. त्यामुळे प्लगिनकडून संख्या घ्या, वेळ घेऊ नका.

---

देवगडहापूस

हे पटलं. संख्या वेगळी, वेळ वेगळी.

---

बिटवाला

आता धाग्याच्या विषयात थोडी भर. स्वतःचा प्लगिन लिहिणाऱ्यांसाठी एक मोठा खड्डा म्हणजे अनेक कोअर. तीन कोअरचा गेस्ट असेल तर क्यूएमू तीन थ्रेड चालवतो आणि तुमचा कॉलबॅक (क्यूएमू ज्याला बोलावतो ते तुमचं फंक्शन) तीनही थ्रेडमधून एकाच वेळी येऊ शकतो. एकच ग्लोबल काउंटर ठेवला तर दोघे एकदमच वाचतात, एक मिळवतात, परत लिहितात, आणि एक मोजणी गळते. म्यूटेक्स लावला तर आकडा बरोबर, पण दर इन्स्ट्रक्शनला लॉक म्हणजे गेस्ट रांगायला लागतो.

९.० आवृत्तीपासून यावर नीट उपाय आहे: स्कोअरबोर्ड. प्रत्येक व्हीसीपीयूसाठी (गेस्टच्या कोअरसाठी) आपोआप वेगळी जागा, प्रत्येक जण आपल्याच जागेत मिळवतो, शेवटी सगळ्यांची बेरीज. त्यावर इनलाइन मिळवणी सांगता येते, म्हणजे फंक्शन कॉल नाही, भाषांतरित कोडमध्येच दोन-चार होस्ट इन्स्ट्रक्शन्स वाढतात.

फरक किती पडतो ते समजायला असं बघा: पूर्ण कॉलबॅक म्हणजे टोलनाक्यावर प्रत्येक गाडी थांबवणं, आणि इनलाइन म्हणजे रस्त्यावर आडवी टाकलेली मोजणीची तार. गाडीचा नंबर हवा असेल तर थांबवावीच लागते. नुसती संख्या हवी असेल तर कशाला थांबवायची?

९.१ मध्ये मधला मार्गही आला: अटीवर कॉलबॅक. काउंटर अमुक किमतीला पोचला तरच मला बोलाव, तोवर नको. दर दहा लाख इन्स्ट्रक्शन्सला एकदा काहीतरी नोंदवायचं असेल तर हे वापरा.

---

प्राजक्त

मुळामुठा दादा, कर्नलचे पत्ते जुळवणं जमलं. पण मला ‘एलएस’ कमांडचा स्वतःचा कोड मोजायचाय. यादीत शून्याच्या आसपासचे पत्ते दिसतात, ते यूजर प्रोग्रॅमचे असणार. पण शेलचे की एलएसचे? दोन्ही शून्यापासूनच सुरू होतात.

---

मुळामुठा

@प्राजक्त, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. सिस्टिम एम्युलेटरला प्रोसेस ही कल्पनाच नाही. त्याला दिसतो कोअर, पत्ता आणि पेजटेबल (व्हर्च्युअल पत्ता कोणत्या फिजिकल पानावर आहे ते सांगणारा तक्ता). एक्सव्ही-६ मध्ये इनिट, शेल, एलएस, कॅट, सगळ्यांचा कोड व्हर्च्युअल पत्ता शून्यापासून बसतो. हॉटब्लॉक्स पत्त्यावरून नोंद ठेवतो, त्यामुळे दोन प्रोग्रॅमचे सारख्या पत्त्यावरचे आणि सारख्या लांबीचे ब्लॉक एकाच ओळीत मिसळतात.

याची खूण यादीतच असते. दुसरा रकाना बघ, ‘किती वेळा भाषांतर झालं’. क्यूएमू भाषांतर शोधताना फिजिकल पत्ताही बघतो, आणि शेल व एलएस वेगवेगळ्या फिजिकल पानांवर असतात. म्हणून तोच व्हर्च्युअल पत्ता पुन्हा भाषांतरित होतो. शून्याजवळच्या ओळींत हा आकडा एकपेक्षा बराच मोठा दिसेल.

वेगळं करायचं तर सॅटपी रजिस्टर वाचायचं. त्यात चालू पेजटेबलच्या मुळाचा पत्ता असतो आणि तो प्रत्येक प्रोसेसचा वेगळा. ९.० पासून प्लगिनला रजिस्टर वाचता येतात: व्हीसीपीयू सुरू होतानाच्या कॉलबॅकमध्ये रजिस्टरांची यादी मागायची, नावावरून हवं ते शोधून त्याचा हँडल जपून ठेवायचा, आणि जिथे वाचायचं तो कॉलबॅक नोंदवताना ‘मी रजिस्टर वाचणार आहे’ असा फ्लॅग द्यायचा. फ्लॅग विसरलीस तर टीसीजीने काही किमती होस्टच्या रजिस्टरमध्येच धरून ठेवलेल्या असू शकतात आणि तुला शिळी किंमत मिळेल.

एक सावधगिरी. प्रोसेस संपली की तिची पानं मोकळ्या यादीच्या तोंडाशी जाऊन बसतात आणि पुढच्या मागणीला तिथूनच दिली जातात. त्यामुळे मेलेल्या एलएसचं सॅटपी काही क्षणांत दुसऱ्याच प्रोसेसला मिळू शकतं. नुसत्या किमतीवर विसंबू नकोस.

---

बिटवाला

@प्राजक्त, यापेक्षा सोपा मार्ग हवा असेल तर खुणेची इन्स्ट्रक्शन वापर. रिस्क-फाइव्हमध्ये ज्या साध्या गणिती इन्स्ट्रक्शनचा निकाल एक्स-शून्य रजिस्टरमध्ये जातो तिचा काही परिणाम होत नाही, ते रजिस्टर कायम शून्यच असतं. अशी एक ठरावीक इन्स्ट्रक्शन एलएसच्या मेनच्या सुरुवातीला आणि दुसरी शेवटी इनलाइन असेम्ब्लीने टाक. प्लगिन भाषांतराच्या वेळी प्रत्येक इन्स्ट्रक्शनचे बाइट्स बघेल आणि फक्त त्या दोनवर कॉलबॅक लावेल: एक मोजणी सुरू करणारा, एक बंद करणारा. बाकी कोडवर फक्त मोजणीच्या इनलाइन मिळवणीचा भार.

असेम्ब्लीच्या ओळीला व्होलाटाइल लावायला आणि मेमरी क्लॉबर द्यायला विसरू नकोस, नाहीतर कंपायलर आजूबाजूचा कोड खुणेच्या पलीकडे सरकवेल.

मोजणी चालू असताना टायमर आला तर कर्नलचाही कोड मोजला जाईल. तो नको असेल तर पत्त्यावरून गाळ. एक्सव्ही-६ चं कर्नल ८००००००० च्या वर बसतं, फक्त ट्रॅम्पोलिनचं (यूजर आणि कर्नल यांच्यात ये-जा करणाऱ्या कोडचं) पान तेवढं सर्वांत वरच्या पत्त्यावर, यूजर आणि कर्नल दोघांच्याही पेजटेबलमध्ये असतं.

---

प्राजक्त

खुणेचा मार्ग सोपा वाटतोय, तोच करते. धन्यवाद दोघांना.

---

वाटसरू

जर्मनीत फर्मवेअरचं काम करतो, बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. धागा आवडला, पण मुळामुठा, आयकाउंटबद्दल माझं मत वेगळं आहे.

आयकाउंट लावलं की क्यूएमू सगळे कोअर एकाच थ्रेडवर आळीपाळीने चालवतो. म्हणजे खरं समांतर काही उरतच नाही. आमच्या कामात ज्या चुका शोधायच्या असतात त्या बहुतेक दोन कोअर एकमेकांच्या पायात आल्यामुळे होतात. एकाने लॉक न धरता झेंडा बदलला, दुसऱ्याने अर्धवट स्थिती वाचली. आयकाउंटखाली अशा चुका महिनोन्‌महिने दिसत नाहीत आणि लोक म्हणतात ‘एम्युलेटरवर तर पास आहे’. तुमच्या भाषेत बोलायचं तर वाट बघण्याचे आकडे स्थिर करण्याच्या नादात तुम्ही वाट बघणंच बदलून टाकता.

---

मुळामुठा

@वाटसरू, मुद्दा खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. मी भर देतो तो मोजणीपुरता. ‘आधीच्या कोडपेक्षा नव्या कोडला इन्स्ट्रक्शन किती कमी लागल्या’ हे विचारायचं असेल तर स्थिर घड्याळाशिवाय तुलनाच होत नाही. रेस (तुम्ही म्हणता तशी, दोन कोअर एकमेकांच्या पायात येण्याची चूक) शोधायची असेल तर अनेक थ्रेडच हवेत, तिथे आयकाउंटचा उपयोग नाही.

आणि तिथेही प्लगिन निष्पाप नाही. एका कोअरवर मेमरीचा जड कॉलबॅक पडला की त्याचा वेग बदलतो, दोघांच्या पावलांचा मेळ बदलतो. रेस जास्त वेळा दिसू शकते किंवा नाहीशीही होऊ शकते. म्हणून तिथे फक्त हव्या त्या पत्त्याच्या इन्स्ट्रक्शन्सवरच कॉलबॅक लावावा.

---

वाटसरू

हो, असं असेल तर आपलं जमतंय. एक गोष्ट सुचवतो: ९.१ मध्ये आयपीएस नावाचा प्लगिन आलाय. प्लगिनला गेस्टच्या घड्याळाचा ताबा मागता येतो, त्यावर तो बांधलेला आहे. दर सेकंदाला एका व्हीसीपीयूने किती इन्स्ट्रक्शन्स चालवायच्या ते तुम्ही सांगायचं, आणि कोअर वेगवेगळ्या थ्रेडवरच राहतात. आयकाउंटइतकं काटेकोर नाही, दोनदा चालवलं तर अगदी तेच घडेल याची हमी नाही. पण वॉचडॉग (ठरल्या वेळेत खूण मिळाली नाही तर सिस्टिम रीसेट करणारा टायमर) आणि टाइमआउट असलेल्या फर्मवेअरवर जड प्लगिन लावायचा तर मला हाच मार्ग बरा वाटतो. नाहीतर होतं काय, प्लगिनमुळे गेस्ट मंदावतो, घड्याळ मात्र खऱ्या वेगाने पळतं, ड्रायव्हर उत्तराची वाट बघून कंटाळतो आणि एरर हाताळण्याच्या वाटेला लागतो. मग तुम्ही ज्या कोडचा अभ्यास करता तो कोड खऱ्या बोर्डवर कधी चालतच नाही.

---

देवगडहापूस

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे.

---

आर्या०७

मी त्याच वर्गातली. प्रश्न विचारू का? आम्हाला कॉपी-ऑन-राइट फोर्कचा सराव दिलाय (नव्या प्रोसेससाठी पानाची प्रत लगेच न काढता, कोणी त्यावर लिहायला गेलं की मगच काढायची). तो लिहून झाल्यावर हॉटब्लॉक्सच्या यादीत, मर्यादा वाढवून, काही विचित्र ओळी दिसल्या. फंक्शनच्या मधल्याच पत्त्यावर ब्लॉक सुरू होतो. तिथे कोणी उडी मारत नाही, एएसएम फाइलमध्ये लेबलही नाही. आणि त्याची पहिली इन्स्ट्रक्शन दर वेळी स्टोअर असते.

---

बिटवाला

@आर्या०७, वा, फार बारकाईने बघितलंस! हा तुझा पेज फॉल्ट आहे.

समज आठ इन्स्ट्रक्शन्सचा ब्लॉक आहे आणि पाचवी स्टोअर आहे. पान फक्त वाचण्यापुरतं, त्यामुळे पाचवीवर फॉल्ट. कर्नल पानाची प्रत काढतो, परवानगी देतो, आणि परत पाचव्या इन्स्ट्रक्शनवर येतो. क्यूएमूकडे पाचवीपासून सुरू होणारा ब्लॉक नसतो, म्हणून तो नवीन भाषांतरित करतो: पाच ते आठ. तीच तुझी विचित्र ओळ.

यातून मोजणीची एक मर्यादाही दिसते. मूळ ब्लॉक ‘एकदा चालला’ अशी नोंद सुरुवातीलाच झाली, पण त्यातल्या आठपैकी चारच इन्स्ट्रक्शन्स पूर्ण झाल्या. ‘ब्लॉक किती वेळा’ गुणिले ‘इन्स्ट्रक्शन किती’ हे गणित अशा ठिकाणी थोडं जास्त दाखवतं. अगदी नेमकं हवं असेल तर दर इन्स्ट्रक्शनला इनलाइन मोजणी लाव. तिथेही फॉल्ट खाणारी स्टोअर दोनदा मोजली जाईल, कारण मोजणी इन्स्ट्रक्शनच्या आधी होते. मेमरीचा कॉलबॅक मात्र लोड-स्टोअर यशस्वी झाल्यानंतर येतो, त्यामुळे तिथे ती एकदाच दिसेल. या दोन आकड्यांची वजाबाकी केलीस तर त्या स्टोअरवर किती फॉल्ट आले ते निघेल.

टायमर इंटरप्टने असं होत नाही बरं का. क्यूएमू इंटरप्ट ब्लॉकच्या सुरुवातीला तपासतो, मध्ये नाही.

---

आर्या०७

वजाबाकीची कल्पना भारी आहे सर. आमचा फॉल्ट हँडलर जितके फॉल्ट मोजतो त्याच्याशी ती ताडून बघेन.

---

कोअरडंप

मेमरीच्या कॉलबॅकवरून विचारतो. एक्सव्ही-६ चा डिस्क बफर १०२४ बाइटचा. त्या बफरच्या पत्त्यावर कोण लिहितं ते बघायला प्लगिन लावला. वाचणारे दिसतात, पण डिस्कवरून डेटा येतो ते लिहिणं कुठेच नाही. डेटा तर येतोय!

---

मुळामुठा

@कोअरडंप, ते लिहिणं कोअर करतच नाही. व्हर्टआयओ डिस्क डीएमए करते, म्हणजे क्यूएमूमधलं डिव्हाइसचं मॉडेल थेट गेस्टच्या मेमरीत लिहितं. प्लगिनला दिसतात ते गेस्टच्या इन्स्ट्रक्शन्सने केलेले लोड-स्टोअर. डीएमए दिसत नाही, आणि पेजटेबल चालून जाताना केलेली वाचनंही नाहीत. ‘या पत्त्यावर कोणीच लिहिलं नाही’ असा निष्कर्ष प्लगिनवरून काढताना हे कायम ध्यानात ठेवावं.

डिव्हाइसशी बोलणं बघायचं असेल तर हार्डवेअर प्रोफाइलचा तयार प्लगिन आहे. कोणत्या डिव्हाइसच्या रजिस्टरला किती वेळा वाचलं-लिहिलं ते सांगतो. एक्सव्ही-६ वर कन्सोलचा प्रतिध्वनी त्यात सुरेख दिसतो: टाइप केलेलं अक्षर परत दाखवताना एक वाचन स्टेटस रजिस्टरचं, मग एक लिहिणं.

---

देवगडहापूस

कॅशचाही प्लगिन आहे असं दिसतंय. त्यावर विश्वास ठेवावा का?

---

बिटवाला

तुलनेपुरता ठेवावा. दोन प्रकारे लिहिलेला लूप, कोणाचे मिस जास्त, एवढं तो नीट सांगतो. आकार, ब्लॉक, असोसिएटिव्हिटी, पॉलिसी सगळं बदलून बघता येतं. प्रीफेच नाही, अंदाजाने पुढचं चालवणं नाही. खऱ्या चिपवरच्या मिसच्या आकड्याशी जुळवायला जाऊ नये.

---

आर्या०७

अजून एक. शेड्यूलरमध्ये डब्ल्यूएफआय घातलं. पंखा थांबला! हॉटब्लॉक्सची यादीही पूर्ण बदलली. आता वरच्या दोन ओळी अशा आहेत: एक मेनमधली, दुसरी मेमसेटमधली. मेनचा आकडा दर वेळी बदलतो, मेमसेटचा अगदी तोच येतो. मेमसेटचा आकडा तेरा कोटींच्या वर आहे. बूटमध्ये एवढं काय भरतोय तो?

---

मुळामुठा

@आर्या०७, कामाचा आकडा आणि वाट बघण्याचा आकडा, दोन्ही एकाच यादीत मिळाले बघ.

मेनची ओळ म्हणजे बाकीचे दोन कोअर. पहिला कोअर सगळी मांडामांड करेपर्यंत ते ‘स्टार्टेड’ हे व्हेरिएबल शून्याचं एक होण्याची वाट बघत जागच्या जागी फिरतात. किती फेऱ्या होतील ते होस्टच्या त्या वेळच्या वेगावर ठरतं. एकच कोअर देऊन चालव, ती ओळ जाईल.

मेमसेटचं कारण केइनिट. बूटच्या वेळी सगळी मोकळी मेमरी पानापानाने केफ्रीला दिली जाते, आणि केफ्री प्रत्येक पान आधी १ या किमतीने भरतं, म्हणजे सोडलेली मेमरी कोणी चुकून वापरली तर लगेच कळावं. १२८ एमबी म्हणजे ३२,७६८ पानं, त्यातून कर्नलची स्वतःची थोडी वजा. मेमसेट एकेक बाइट लिहितो, पान ४०९६ बाइटचं.

आता कॅल्क्युलेटर घे. मोकळ्या पानांची संख्या काढ आणि मेमसेटच्या लूपच्या ब्लॉकचा आकडा तिने भाग. ४०९६ येतंय का बघ.

---

आर्या०७

४०९५ च्या आसपास येतंय. मोकळी पानं दोनदा मोजून बघितली. एक बाइट कुठे गेला?

---

मुळामुठा

एएसएम फाइलमध्ये मेमसेट उघड. लूपच्या आधी दोन-चार तयारीच्या इन्स्ट्रक्शन्स आहेत आणि त्यांच्यानंतर उडी न मारता कोड सरळ लूपमध्ये शिरतो. क्यूएमूचा ब्लॉक लेबलवर तुटत नाही, उडीवर तुटतो. त्यामुळे तयारी आणि लूपची पहिली फेरी मिळून एक ब्लॉक होतो. परत उडी मारून लूपच्या सुरुवातीला आलं की तिथून दुसरा ब्लॉक, आणि तो उरलेल्या ४०९५ फेऱ्या चालतो. यादीत मेमसेटचीच अजून एक ओळ असेल, थोडी मोठी, लूपच्या काही इन्स्ट्रक्शन्स आधीच्या पत्त्यावरची. तिचा आकडा मोकळ्या पानांइतका, किंवा थोडा जास्त, कारण मेमसेटला बाकीचेही बोलावतात.

---

आर्या०७

सापडली. बरोबर तयारीच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनवर सुरू होते, आणि तिचा आकडा मोकळ्या पानांपेक्षा थोडासाच जास्त आहे. आता एका कोअरवर, आयकाउंट लावून, मेमसेट आठ-आठ बाइट लिहिणारा करून बघते. आकडे आले की इथेच टाकते.